खांबाचं दार

"खिळो खय आसा रे ह्याचो?" बाबलीदादाने तिसऱ्यांदा विचारलं.

तो हातात पहार घेऊन खांबाभोवती चौथी फेरी मारत होता. दाढ काढल्यामुळे त्याचा उजवा गाल टम्म सुजलेला होता आणि बोलताना तो एका बाजूनेच हलत होता.

"नाय दादा," मी म्हणालो.

"नाय म्हणजे? खयच्या बाजूक नाय?"

"खयच्याच बाजूक नाय. मारूकच नाय मी."

तो सिमेंटच्या पोत्यावर बसला आणि खांबाकडे बघत राहिला. खांब म्हणजे दहा फूट उंचीची एक उभी लाकडी पेटी होती आणि तिच्या पोटात दोन दिवसांपूर्वी ओतलेलं काँक्रीट होतं. पेटी काढायची, काँक्रीट ठेवायचं, एवढं साधं काम. सकाळपासून पाच माणसं त्यासाठी घाम गाळत होती आणि पेटी सुटत नव्हती. परदेशातला तो माझा दहावा दिवस होता, आणि रंग असा दिसत होता की तोच शेवटचा ठरणार. करारावर स्पष्ट लिहिलेलं होतं की पंधरा दिवसांत काम पटलं नाही तर माणूस परत.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. नाहीतर मी मूर्ख होतो एवढाच त्याचा अर्थ निघेल, आणि तो पूर्ण खरा नाही.

आम्ही कुडाळजवळचे पांचाळ, पिढीजात सुतार. माझ्या बाबांचं खिळ्याशी वैर होतं. "खिळो मारूक लागलो काय सुतार संपलो," असं ते म्हणत. कुसू घालायची, खाच पाडायची, पाचर ठोकायची, आणि सांधा असा बसला पाहिजे की मधून केस जाता कामा नये. आमच्या अख्ख्या घरात एकच खिळा होता, कॅलेंडरचा. तोही आईने बाजारातून आणून, बाबा घरात नसताना ठोकलेला. मी आयटीआय केलं तिथेही माझी बिनखिळ्याची पेटी जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिली आली. पुढे मुंबईला परदेशच्या नोकरीची परीक्षा झाली, तेव्हा मला दोन लाकडं देऊन सांधा करायला सांगितला. मी केला. परीक्षकाने तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला, मग गुडघ्यात धरून ओढला, आणि दमून 'पास' लिहिलं. या सगळ्या प्रवासात माझ्या हातात कुणी खिळा दिलाच नाही.

गावात तर माझा सत्कार झाला. शाळेच्या सभागृहात, शाल आणि नारळ देऊन. आखातात जाणारा आमच्या समाजातला मी पहिला सुतार, म्हणून अध्यक्ष अर्धा तास बोलले. बाबा आले नाहीत. ते कुणाच्या तरी खिडकीला गज बसवत होते. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर मात्र आले, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली त्यांची पटाशी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पयलो दरवाजो केलंस काय कळव. मी येतंय."

आमच्या घरात तशी रीत आहे. नव्या सुताराने केलेल्या पहिल्या दारातून आधी त्याचा बाप जातो. पलीकडे जाऊन तो मुलाला मेस्त्री म्हणून हाक मारतो, मग मुलगा आत जातो. ती हाक येईपर्यंत कितीही शिकला, कितीही पेट्या केल्या, तरी तो नुसता झील, म्हणजे पोरगाच. बाबांना अशी हाक आजोबांनी मारली होती, आजोबांना पणजोबांनी.

"बाबा, थय विमानान येवचा लागता," मी म्हणालो.

"येतंय म्हणान सांगतंय मा," ते म्हणाले आणि वळून चालू लागले. हा माणूस तोवर कोल्हापूरच्या पलीकडे गेलेला नव्हता.

तर असा मी समुद्र ओलांडून वाळवंटाच्या कडेला एका बंगल्याच्या कामावर पोहोचलो. फोरमन निघाला मालवणचा बाबली पेडणेकर. चौदा वर्षं तिथे काढलेला. आपलं माणूस भेटलं म्हणून मला रडूच फुटायचं बाकी होतं. त्याने माझ्या हातात हातोडा दिला, खिळ्यांची पिशवी दिली आणि पुढच्या पडवीतली जागा दाखवली.

"चार खांब आसत. ह्या कोपऱ्यातल्या खांबाची पेटी तू कर. चारी बाजून फळे, मधी काँक्रीट ओततत. माप चुकवू नको. माका दाढ काढूक जावचा हा." एवढं बोलून तो गाल धरून गाडीत बसला आणि चार दिवस दिसलाच नाही.

पेटी नंतर काढून टाकायची असते, हे तो बोलला नाही. जगात कुणालाच ते सांगावं लागत नाही. स्लॅबखालच्या फळ्या मी कुडाळला पाहिल्या नव्हत्या असं नाही, पण ते काम करणाऱ्यांना सुतार म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. शिवाय मला दिलेलं लाकूड बघून माझी मती फिरली. पांढरंशुभ्र, सरळ रेषेचं, एक गाठ नाही. आमच्याकडे असलं लाकूड मिळालं तर बाबा त्याचा देव्हारा करतील. असलं लाकूड फेकून द्यायच्या कामाला कोण वापरेल? मी आपलं ठरवून टाकलं की खांब लाकडाचाच दिसायचा आहे आणि काँक्रीट आत वजनापुरतं.

मग मी बसलो. फळ्यांना रंधा मारला, कडांना दाती पाडून एकीत एक गुंतवली. शिवणीत सरस भरला, लाकडाच्याच खुंट्या मारल्या. शेजारी रामनरेश नावाचा गोरखपूरचा माणूस होता. त्याने बाकीचे तीन खांब अर्ध्या दिवसात ठोकून मोकळे केले, आणि उरलेले दिवस माझ्याजवळ बसून बघत राहिला. त्याने मला अडवलं का नाही, हे मी त्याला पुढे विचारलं. तो म्हणाला, "मला वाटलं, मुंबईत नवी पद्धत निघाली."

जळक्या तेलाचा एक डबाही त्याने आणून दिला होता. काँक्रीट चिकटू नये म्हणून पेटीला आतून फासायला. मी आतल्या बाजूनेही रंधा मारलेला होता. हात फिरवला तर रेशमासारखं लागत होतं. त्यावर ते काळं तेल? मी डब्याचं झाकण लावून टाकलं.

तर आता बाबलीदादा पोत्यावर बसला होता आणि काँक्रीट आतून लाकडाला मिठी मारून बसलं होतं.

पहार घालायला फट नव्हती. घण मारला तर सगळा खांब देवळातल्या नगाऱ्यासारखा घुमायचा आणि पुन्हा गप्प. शेवटी बाबलीदादा उठला आणि म्हणाला, "करवत हाड."

रामनरेशने करवत आणली. बाबलीदादाने ती कोपऱ्यावरच्या शिवणीवर टेकवली. मग उचलली. अंगठा ओला करून त्या शिवणीवरून वर-खाली फिरवला. नख लावून पाहिलं. नख आत जाईना.

"ह्यो सांधो तू केलंस?"

"होय."

"हातान?"

"होय दादा."

"मेल्या, तुका खयच्या देवान हय पाठवल्यान?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता करवत रामनरेशच्या हातात दिली. "तू काप."

रामनरेशने करवत घेतली, खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती पुढच्या माणसाला दिली. त्याने त्याच्या पुढच्याला. पाच माणसांच्या हातून फिरून करवत पुन्हा बाबलीदादाकडे आली. चौदा वर्षांत त्याने एक सांधा केलेला नव्हता. तोही सुताराचाच मुलगा, हे मला तेव्हा कळलं. त्याने करवत जमिनीवर ठेवली आणि सुजऱ्या गालाने मला शिव्या घालायला सुरुवात केली. त्या शिव्यांमध्ये कौतुक इतकं होतं की मला नेमकं कुठे मान खाली घालायची ते कळेना.

तेवढ्यात इंजिनिअर आला. फाहमी त्याचं नाव, इजिप्तचा. सतत घाईत. त्याच्या हिंदीत क्रियापदं नसत, म्हणून ती मी इथे आपल्या बाजूने घालतो.

"हे अजून का काढलं नाही?"

"निघत नाही, साहेब," बाबलीदादा हिंदीत म्हणाला.

"खिळे काढा."

"खिळे नाहीत."

"खिळे कुठे गेले?"

मी माझी पिशवी पुढे केली. दिलेले सगळे खिळे तिच्यात जसेच्या तसे होते. फाहमीने पिशवीत डोकावलं, खांबाकडे पाहिलं, पुन्हा पिशवीत डोकावलं. चोरी झाली असती तर त्याला समजलं असतं. खिळे न चोरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या माणसाचं काय करायचं, याचा नियम त्याच्याकडे नव्हता. शेवटी त्याने एक छापील कागद काढला आणि खिळे न वापरण्याचं कारण लेखी द्या म्हणाला. बाबलीदादाने पेन घेतलं, बराच वेळ विचार केला आणि इंग्रजीत लिहिलं: घरची रीत.

"मुश्किला," फाहमी म्हणाला. "मोठा मुश्किला. मालक येतोय. आज फोडा, आणि उद्या हा माणूस विमानात."

माझ्या डोळ्यांपुढे शाळेचं सभागृह आलं. दिलेली शाल परत मागतात का, असा एक विचार मनात येऊन गेला. आणि बाबा. ते काही बोलले नसते, आणि तेच मला सोसलं नसतं. मी खरंच सांगतो, त्या क्षणी मला त्या खांबाला कवटाळून रडावंसं वाटलं.

मालक आला तेव्हा हातात घण घेऊन बाबलीदादा उभा होता. मालक म्हणजे साठीचा, पांढऱ्या झग्यातला, फार थकलेला दिसणारा माणूस. तो खांबापाशी थांबला. हात लावला. वास घेतला. मग चारी खांबांकडे आळीपाळीने बघत फाहमीला अरबीत काहीतरी बोलला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज चढला. आम्ही सगळे भिंतीला चिकटलो.

"काय म्हणतो?" मी बाबलीदादाला कुजबुजून विचारलं. त्याला अरबी येत होती.

बाबलीदादाचं तोंड उघडंच होतं. "त्याच्या आयेक खांबांक गुलाबी संगमरवर होयो, बायलेक पांढरो. तीन महिने घरात कोण कोणाशी बोलणत नाय. तो म्हणता, लाकूड! लाकडाक दोघींपैकी कोणच नाव ठेवूक शकणार नाय, कारण दोघींच्याय मनात नव्हता."

आणि हुकूम झाला. हा खांब असाच राहील. बाकीचे तीनही असेच करायचे, याच माणसाने. मालकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. घरात शांतता हवी असलेल्या माणसाचं पाणी.

मी सुटलो, असं मला दोन दिवस वाटलं.

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा निरीक्षक आला. सडपातळ, चष्मेवाला, नियमाने चालणारा माणूस. त्याने वही उघडली आणि म्हणाला, "काँक्रीट दाखवा."

"आत आहे," फाहमी म्हणाला.

"आत आहे हे मला कसं कळणार? खांबाच्या तळाशी काँक्रीट पोकळ राहिलंय की भरलंय, ते मला डोळ्यांनी बघायचं असतं. पेटी काढा."

"मालक काढू देत नाही."

"मग मी सही देत नाही. सही नाही तर बंगला नाही."

मालकाला फोन झाला. मालक म्हणाला, लाकडाला हात लावाल तर याद राखा. निरीक्षक म्हणाला, काँक्रीट बघितल्याशिवाय मी हलणार नाही. आणि तो खुर्ची मागवून पडवीत बसला. दुपार झाली. त्याला चहा दिला, खजूर दिले. तो खात होता आणि खांबाकडे बघत होता. फाहमी दोन फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता, आणि मधेच थांबून माझ्याकडे असा बघत होता की विमान पुन्हा दिसायला लागलं.

शेवटी बाबलीदादाच बोलला. गंमत म्हणून बोलला, हे तो पुढे आयुष्यभर सांगायचा. "साहेब, खांबाला एक दार करू या. ज्याला बघायचं त्याने उघडून बघावं."

मी हसलो. आणखी कोणी हसलं नाही. निरीक्षकाने वही बाजूला ठेवली, चष्मा पुसला आणि विचारलं, "दाराला कडी असेल?"

"असेल," फाहमी म्हणाला.

"दर तपासणीला उघडता येईल?"

"केव्हाही."

"मग हरकत नाही," निरीक्षक म्हणाला.

आणि मी दार केलं. खांबाच्या तळाशी, जमिनीला टेकलेलं, दीड फूट उंच, फूटभर रुंद. मांजरासाठी करतात तेवढं. बाबांच्या पटाशीने तेवढाच तुकडा काँक्रीटवरून उचलून काढला, त्याला चौकट बसवली, खाली बोटभर उंचीचा उंबरठाही घातला. तो कुणी सांगितला नव्हता, पण उंबरठ्याशिवाय दार मला करता येईना. डाव्या हाताला पितळी बिजागऱ्या, उजवीकडे कडी. निरीक्षक उकिडवा बसला, कडी काढली, दार उघडलं. आत करडं, घट्ट, भरीव काँक्रीट. त्याने त्यावर टिचकी मारली, दार नीट लावून घेतलं, कडी घातली आणि सही केली.

माझी नोकरी पक्की झाली. उरलेल्या तीन खांबांनाही तशीच दारं झाली. फाहमीने मला फोडायच्या पेट्यांवरून काढून फर्निचरच्या कामावर टाकलं.

त्या शुक्रवारी मी गावच्या किराणा दुकानात फोन लावला. बाबांना बोलावून आणलं होतं. त्यांचा पहिलाच प्रश्न, "दरवाजो झालो?"

मी पडवीतून त्या खांबाकडे बघत होतो.

"नाय अजून," मी म्हणालो.

माझं पहिलं दार असं होतं की त्यातून कुणीच कुठे जाऊ शकत नव्हतं. हे बाबांना कसं सांगायचं? पुढे खोल्यांची खरी दारं केली, शिसवी, नक्षीची, दोन माणसं एकदम जातील एवढी. पण दुसऱ्याला पहिलं म्हणणं माझ्या जिवावर आलं. खोटं बोलायचं तर 'नाय अजून' एवढंच बोलायचं, असं मी ठरवलं आणि दोन वर्षं दर शुक्रवारी तेच बोललो.

"दोन वरसा झाली," बाबा शेवटी फोनवर ओरडले, "एकय दरवाजो नाय? मगे थयली माणसा घरात जातत कशी?"

दोन वर्षांनी रजेवर घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा घरापुढच्या खळ्यात करवतीला धार लावत बसले होते. त्यांचा डावा गुडघा धरायला लागला होता. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. खिळे, तेल, गुलाबी संगमरवर, निरीक्षक. कानस चालू होती. दाराचं सांगितलं तेव्हा थांबली.

"खांबाक दरवाजो?"

"होय."

"उघडता?"

"उघडता."

"लागता नीट?"

"कागद जायत नाय."

"आवाज?"

"नाय."

"उंबरो घातलंस?"

"घातलंय."

ते उठून घरात गेले. मला वाटलं, झालं, आता आठ दिवस बोलणार नाहीत. पण ते बाहेर आले तेव्हा अंगात सदरा होता आणि डोक्यावर टोपी. कुणाच्या घरी जायचं असलं की घालत तशी. हातात घडीची फूटपट्टी होती. खळ्याच्या मधोमध येऊन त्यांनी ती सारवलेल्या जमिनीवर उभी धरली.

"उंची?"

"दीड फूट. पण बाबा..."

"बिजागरी खयच्या हाताक?"

"डाव्या."

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली आणि गुडघा धरत धरत खाली बसले. मग दोन्ही हात जमिनीवर टेकले. आई ओटीवरून धावत आली. "अगो बाय माजे! तुमका काय झाला?"

"गप ऱ्हव. दरवाजो बारीक आसा."

त्यांनी हवेत कडी काढली. दार डावीकडे उघडलं, हलकेच, आवाज येतोय का ते ऐकत. मला राहवेना.

"बाबा, आत काँक्रीट आसा. सगळा भरलेला. आत जाऊक जागाच नाय."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, शिकवताना बघत तसं.

"तां तुझा काम नाय. तुझा काम दरवाजो."

मग त्यांनी डोकं खाली घातलं, टोपी एका हाताने धरली, उंबरठ्याला लागू नये म्हणून दुखरा गुडघा जरा वर उचलून घेतला, आणि ते रांगत पलीकडे गेले. दोन हात पुढे जाऊन, धापा टाकत, मातीने भरलेल्या गुडघ्यांनी वळून बसले. आई तोंडाला पदर लावून उभी होती, हसत होती की रडत होती देव जाणे.

बाबांनी टोपी सरळ केली. आयुष्यात मला त्यांनी अरे-तुरेशिवाय हाक मारली नव्हती.

"सत्यवान मेस्त्री," ते म्हणाले, "येवा."

मी हात टेकले आणि डोकं आपटू नये म्हणून चांगला खाली वाकून आत गेलो.